विहिरीची वही : नागपुरातल्या एका ले-आऊटच्या (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या) प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी साडेसातला हनुमान मंदिरामागच्या विहिरीवरची लोखंडी जाळी उघडली. आम्ही सहा जण होतो. सुतळीला दगड बांधून खाली सोडला. कठड्यापासून पाणी १४ फुटांवर लागलं, दगड टेकला ३१ फुटांवर. टेकला म्हणजे रुतलाच; वर आला तेव्हा काळा चिखल, हाराचा दोरा आणि उदबत्तीच्या पुड्याचं प्लास्टिक घेऊन आला. पहिल्या गल्लीतले काकाजी म्हणाले, "इतकी उथळ नाही जी ही विहीर. आम्ही उड्या मारायचो हिच्यात. बेचाळीस फूट आहे." काकाजींचं वय ७४. त्यांचा शब्द खरा धरला तर ११ फूट गाळ आहे.

तोंड १३ फूट रुंद. हिशेब केला तर विहिरीतलं एक फूट पाणी म्हणजे साधारण ३,७५० लिटर. हा आकडा पुढे सारखा लागणार, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावरही लिहिला.

हे सगळं कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं. तोतलाडोहचं धरण, खाली नवेगाव खैरी, तिथून गोरेवाड्याचं शुद्धीकरण, मग टाकी, मग आपला नळ. इतक्या लांबून आणलेलं, विजेवर उपसलेलं, स्वच्छ केलेलं पाणी आपण एप्रिल-मेमध्ये कूलरमध्ये ओततो. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह आटलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं, तेव्हा आमच्या ले-आऊटमध्ये ड्रमवरून भांडणं झाली होती. त्याच वेळी ही विहीर मंदिरामागे होती, तिच्यात पाणीही होतं, आणि आम्ही तिच्यात हार टाकत होतो. पिण्याच्या पाण्याने हवा गार करणं मला पटत नाही. पायाखाली विहीर असताना तर मुळीच नाही.

२४ नोव्हेंबर

महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज दिला. जागा ले-आऊटची सार्वजनिक जागा आहे, त्यामुळे गाळ काढायला लेखी परवानगी हवी. कनिष्ठ अभियंता येऊन पाहून गेले. जाळी कायम ठेवायची आणि काम चालू असताना मुलांना आत येऊ द्यायचं नाही, एवढ्या दोन अटी घातल्या. दोन्ही रास्त.

१९ डिसेंबर

पाण्याचा अहवाल आला. नमुना ८ तारखेला दिला होता. त्याच दिवशी घरीही जिवाणू तपासणीची एक बाटली भरून ठेवली होती. ती चोवीस तासांत काळी पडली, तेव्हाच अंदाज आला होता. विरघळलेले क्षार ७८० मिलिग्रॅम प्रति लिटर, कठीणपणा ४२०, नायट्रेट ७८. कोलिफॉर्म जिवाणू आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सगळ्यांना नायट्रेटचं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. पाणी उकळलं की जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते थोडं दाटच होतं. लहान बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. शेतापासून लांब असलेल्या विहिरीत ते एवढं आलं, म्हणजे जवळपास कुठेतरी मैला जमिनीत मुरतो आहे. पिण्यासाठी हे पाणी नाहीच. कूलर, संडास, झाडं, गाडी, अंगण एवढ्यासाठी चालेल, आणि आम्हाला तेवढ्यासाठीच हवं आहे.

२२ डिसेंबर, रविवार

मंदिरात बैठक. ३८ घरांपैकी २३ घरांतली माणसं आली.

आज माझ्या हातून मोठी चूक झाली, ती जशी झाली तशी लिहिते. मैला कुठून येतो हे सांगताना मी फळ्यावर विहिरीभोवतीच्या घरांचा नकाशा काढला आणि पूर्वेच्या घरावर बोट ठेवून म्हणाले, "इथला सेप्टिक टँक विहिरीपासून पंचवीस फुटांवर आहे, आणि ह्या घराची गटारलाइन अजून जोडलेलीच नाही." त्या घरच्या आजी तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. एकट्या राहतात, यजमानांच्या पेन्शनवर. त्या काही न बोलता उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मागून कोणीतरी "म्हणजे इतकी वर्षं..." असं काहीतरी बोललं, आणि बैठक त्यानंतर जमली नाही. वर्गणीचा विषय तसाच राहिला.

मोजमाप बरोबर होतं. ते सांगायची जागा चुकली.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तीन आठवडे आजी समोर आल्या की मान वळवत होत्या. आज तिळगूळ घेऊन गेले. दार उघडलं, आत ये म्हणाल्या, पाणी दिलं, आणि मग बोलल्या. "सगळ्यांसमोर माह्यं नाव घेतलं तू. घरी येऊन सांगितलं असतं, तं मी नाही म्हटलं असतं काय? ह्याच विहिरीचं पाणी मी वीस वर्षं प्यायले. आमचे हे गेले तेव्हा पहिली घागर हिचीच होती." मी माफी मागितली. माफी मागताना कारणं सांगायची नाहीत, एवढं ठरवून गेले होते आणि तेवढं पाळलं.

मग त्यांनीच मागच्या अंगणात नेऊन टाकी दाखवली. विटांची जुनी बांधणी, तळ पक्का नाही, त्यामुळे पाणी सरळ मुरमात जातं. गटारलाइन रस्त्यात आली तेव्हा यजमान आजारी होते, आणि जोडणीचं काम तेव्हा राहिलं ते राहिलंच. कोणी विचारलंही नाही. कंत्राटदाराने रस्ता फोडायचे, चेंबरचे, पाइपाचे मिळून जे पैसे सांगितले होते ते त्यांच्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढे होते.

संध्याकाळी हळदीकुंकू. ह्या वर्षी भिशीतल्या बायकांनी वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या, जुन्या सुती साड्यांच्या, तिसऱ्या गल्लीतल्या ताईंनी शिवलेल्या. आजी आल्या होत्या. भिशीचा ह्या महिन्याचा नंबर ज्यांचा लागला त्यांनी, मी काही न सुचवता, ती रक्कम आजींच्या जोडणीसाठी उसनी द्यायची तयारी दाखवली. बाकीच्यांनी मिळून अर्धी रक्कम ले-आऊटची म्हणून धरली. कारण विहीर सगळ्यांची आहे.

९ फेब्रुवारी

आजींच्या घराची गटारलाइन जोडली गेली. जुनी टाकी उपसून घेतली, चुना टाकला, मुरूम भरून बंद केली. ह्याचा परिणाम पाण्यात दिसायला पावसाळा जाईल. जमिनीत आधीच मुरलेलं नायट्रेट लगेच कुठे जात नाही.

आज पाणी २२ फुटांवर.

२ ते ४ मार्च, गाळ

काटोलकडून विहिरीचं काम करणारी टोळी आली. पाच माणसं, यारी, दोन पंप. संत्र्याच्या पट्ट्यात त्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या. आता तिकडे बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत आणि विहिरींचं काम कमी झालं आहे, म्हणून ते शहरात गाळ काढायला येतात. टोळीचे म्होरके भाऊ पहिल्या दिवशी उतरलेच नाहीत. "हवा पायल्याशिवाय खाली कोणी जात नाही मॅडम. घाई असंन तं दुसरे बोलवा." मला हा माणूस तिथेच पटला. वर्षानुवर्षं हार-फुलं कुजलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो, कर्बवायू साचलेला असतो, आणि गाळ ढवळला की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो जास्त झाला तर नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. दिवा सोडून बघायची जुनी रीत प्राणवायूपुरतीच उपयोगाची. विषारी वायू त्यात कळत नाही. कॉलेजातून वायू मोजायचं यंत्र मागून आणलं. जाळी चार दिवस आधीच काढून भोवती बांबूचं कुंपण केलं होतं. पाणी उपसलं, ब्लोअरने दोन तास हवा सोडली, तीन वेगवेगळ्या खोलींवर यंत्र उतरवलं, मग पट्टा बांधून दोन माणसं खाली. वर दोर धरून दोघं. दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजणी. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र वाजलं, माणसं लगेच वर घेतली, परत ब्लोअर. तासभर गेला, तो गेलाच पाहिजे होता.

गाळातून ४३ मूर्ती निघाल्या. बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, रंग उडालेल्या पण आकार शाबूत. हे प्लास्टर म्हणजे जिप्सम. पाण्यात ते फार हळू विरघळतं, आणि जेवढं विरघळतं तेवढा पाण्याचा कठीणपणा वाढतो. विहिरीत मूर्ती सोडणाऱ्यांनी भक्तीनेच सोडल्या होत्या, आणि मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. काकाजींनी पांढरं कापड अंथरलं, मूर्ती धुऊन ओळीने ठेवल्या, अक्षता वाहिल्या. अशा मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली आहे. तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ह्या मूर्ती आम्ही त्याच पद्धतीने, दोन ड्रममध्ये, पंधरा दिवस लावून विरघळवणार आहोत.

गाळ १४ ट्रॉली. बागेला खत म्हणून हवा असं चार-पाच जणांनी मागितलं. दिला नाही. मूर्तींच्या रंगात शिसं, क्रोमियम असे जड धातू असू शकतात, आणि पालक-मेथीच्या वाफ्यात ते घालायचे नाहीत. प्लास्टिक वेगळं काढलं, बाकीचा झोनने सांगितल्या ठिकाणी गेला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता खालून आवाज आला, "लागला तळ!" ४२ फूट. काकाजी बरोबर होते. वरचे १२ फूट दगडी बांधकाम, खाली पिवळा मुरूम, मग काळा पत्थर. शहराचा हा पश्चिमेकडचा भाग बेसाल्टचा. त्या पत्थराच्या भेगांतून, ३४ आणि ३८ फुटांवर, दोन झरे पश्चिम अंगाने वाहत होते. मनगटाएवढे. गाळाखाली किती वर्षं दबले होते कोण जाणे. आजी कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रात्रभरात, बारा तासांत, पाणी अडीच फूट चढलं. म्हणजे सव्वानऊ हजार लिटरच्या वर.

१६ मार्च

पानगळ जोरात. कडुनिंब, पिंपळ, मंदिराजवळचा सागवान. दरवर्षी ह्या दिवसांत सकाळी गल्ल्यांमध्ये पाला जाळायचे. ह्या वर्षी विहिरीच्या कुंपणाला लागून जाळीचे चार फुटी चौकोनी पिंजरे केले. पाला, थोडं शेण, आठवड्यातून दोनदा विहिरीचं पाणी. निर्माल्यही दोरा काढून ह्यातच. चौकातल्या रसवाल्याने हौसेने पोतंभर संत्र्याच्या साली आणून दिल्या आणि एक पिंजरा आंबट झाला. सालींमधलं आम्ल आणि तेल ह्यांनी कुजणं मंदावतं. आता साली बारीक करून, दहा टोपले पाल्याला एक टोपला, एवढ्याच घालतो.

१३ एप्रिल, रविवार

मोजणी. माझ्या घरच्या मोठ्या कूलरला सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत १२ लिटरच्या सात बादल्या लागल्या. म्हणजे ८४ लिटर. मुलांनी घरोघरी जाऊन कूलर मोजले: ४५. सगळे माझ्यासारखे चालले असं धरलं तर दिवसाला ३,७८० लिटर. विहिरीचा बरोबर एक फूट. पुठ्ठ्यावरच्या आकड्याशेजारी हाही लिहिला. त्यानंतर ले-आऊटमध्ये कोणी लिटरमध्ये बोललं नाही, सगळे फुटांत बोलू लागले.

ओपनवेल पंप १ अश्वशक्तीचा, तासाभरात फूटभर पाणी वर काढतो, वीज साधारण एक युनिट. काळा पाइप, पाच गल्ल्यांना पाच नळ, प्रत्येकावर लाल रंगात "पिण्यासाठी नाही". प्लंबरने विचारलं होतं की घरच्या पाइपाला एक जोड देऊ का, म्हणजे बादल्या नकोत. अजिबात नाही. नळाचा दाब गेला की विहिरीचं पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत शिरू शकतं. बादलीने न्यायचं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

पाणी ३० फुटांवर, तळाशी १२ फूट. पितरांच्या नावाने घडा भरायला आजी विहिरीच्या नळावर आल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "माहीत आहे मले, प्यायचं नाही. त्याहिले प्यायचं थोडंच आहे, त्याहिले ओळख पटली पाहिजे." त्यांच्यामागून आणखी सात जणी आल्या.

१८ मे, रविवार

अडचण. रात्रीची भर आता फक्त नऊ इंच. रोज लागतं एक फूट. पाणी ३६ फुटांवर, वरचा झरा कोरडा पडला आहे. हिशेब सरळ आहे: रोज तीन इंच कमी पडतात, ही भर पुढे आणखी कमी होणार, आणि २५ तारखेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस.

रात्री नऊला कठड्याशीच बसलो. कोणी म्हणालं टँकर मागवू. टँकर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या विहिरीचं पाणी, एवढंच. तासभर बोलून ठरलं ते असं: लहान बाळ, म्हातारी माणसं, आजारी ह्यांच्या घरी रोज, बाकीच्यांनी एक दिवसाआड. ज्या घरात दोन कूलर, त्यांनी दुपारी एकाच खोलीत बसायचं. गॅरेजवाल्या दादाने गाड्या धुणं बंद करून ओल्या फडक्यावर आणलं. त्याचं गिऱ्हाईक त्यावरून कुरकुरतं, तरी. तीन घरांनी गच्चीवर पांढरा चुना मारला. त्यातल्या एका घरी मी थर्मामीटर लावून पाहिलं. दुपारी छताच्या खालच्या खोलीत तीन अंशांचा फरक होता. पुढच्या वर्षी हा चुना मार्चमध्येच मारायला हवा.

क्षारांमुळे कूलरच्या पॅडवर पांढरे थर बसत आहेत. आठवड्याला टाकी रिकामी करून घासायची, ते पाणी संडासात वापरायचं, झाडांना नाही.

१ जून

विहिरीने तळ दाखवला नाही. ३९ फुटांवर थांबली. एक दिवसाआडचं वेळापत्रक एकाही घराने मोडलं नाही.

पावसाची तयारी पूर्ण. नऊ घरांच्या गच्च्या, मिळून ९,००० चौरस फूट, म्हणजे ८३६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. नागपूरला वर्षाला १,१०० मिलीमीटरच्या आसपास पडतो. मी हिशेबाला १,००० धरले आणि वाफ-गळती वजा करून त्याचे ऐंशी टक्के. ६ लाख ६९ हजार लिटर. पूर्ण उन्हाळ्याचे ७५ दिवस सगळे कूलर चालले तरी २ लाख ८३ हजार लागतात. ते सगळं पाणी विहिरीतच थांबेल असं नाही, मुरमातून ते आजूबाजूला पसरणारच. पसरू दे. शेजारच्या बोअरलाही ते लागेल.

तीन गाळणखड्डे: खाली मोठे दगड, वर गिट्टी, मग चुरी, सगळ्यात वर नायलॉनची जाळी आणि रेतीचा पातळ थर. कन्हानची रेती नदी उपसूनच येते, म्हणून प्रत्येक खड्ड्याला दोनच घमेली वापरली. विहिरीत जाणारा पाइप पाण्याच्या पातळीखाली नेला, नाहीतर वरून पडणारं पाणी बांधकाम झिजवतं. फक्त गच्चीचं पाणी, रस्त्याचं एक थेंबही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सिमेंट रस्त्याने गल्लीची पातळी इतकी वर आणली आहे की रस्त्यावरचं तेलकट पाणी विहिरीकडे वळतं. कठड्याभोवती दीड फुटी ओटा बांधून ते अडवलं. त्या रस्त्याने झाडांचे बुंधेही आवळले होते; ते आम्ही छिन्नीने एकेक मीटर मोकळे करत आहोत. अजून अकरा बाकी.

१७ जून

पहिला चांगला पाऊस. पहिलं पाणी विहिरीत सोडायचं नाही, हे नऊही घरांत दारामागे लिहून लावलं आहे. गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची घाण, पानं ह्या पाण्यात येते. पाइपाचं झाकण उघडं ठेवून पाणी अंगणात जाऊ दिलं. एका घरी झाकण उघडायचं राहून गेलं. त्यांनी स्वतःच रात्री फोन करून सांगितलं. तो खड्डा दुसऱ्या दिवशी धुतला.

९ जुलै, बुधवार

रात्रभर मुसळधार, शाळांना सुट्टी. माझी पर्जन्यमापक बरणी भरून वाहिली, त्यामुळे आकडा नाही.

पहाटे पाच वाजता सगळे विहिरीशी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ले-आऊटमध्ये कोणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. आम्ही उंचावर आहोत, आमच्या घरात आलं नाही. पण आमच्या गच्च्यांवरचं पाणी अर्ध्या तासात उतरून खालीच गेलं होतं, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. नऊ गच्च्यांनी पूर थांबत नाही हे मला माहीत आहे. तरी आज त्या नऊ गच्च्यांचं पाणी उताराने खाली गेलं नाही, आणि पाइपाचा तो घुमणारा आवाज ऐकत आम्ही बराच वेळ उभे होतो.

सकाळी सातला पाणी ११ फुटांवर.

३ ऑगस्ट

मलेरिया विभागाकडून गप्पी मासे आणून सोडले. ते डासांच्या अळ्या खातात. मुलांना बजावून सांगितलं की हे मासे बाटलीत भरून फुटाळा तलावात सोडायचे नाहीत. तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासाचे. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलर, कुंड्या, टायर सगळं कोरडं. दर रविवारी दहा वाजता मुलांची फेरी.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

बडग्या आणि मारबत म्हणजे रोगराई घेऊन जा असं म्हणत मिरवायचे पुतळे. सकाळी मुलांनी आमच्यापुरता छोटा बडग्या काढला, फुटक्या कूलरच्या पत्र्याचा, वर कागदी डास. "डेंग्यू घेऊन जा गे मारबत!" पाचही गल्ल्या फिरून आले. मग महाल भागात मोठ्या मारबती पाहायला गेले.

७ सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी काल झाली. मंडळाचा गणपती मातीचा होता, विसर्जन विहिरीशेजारी ठेवलेल्या टाकीत केलं. घरच्या २६ मूर्तींपैकी २१ मातीच्या. पाच घरांच्या प्लास्टरच्या होत्या, त्यांनी त्या महापालिकेच्या कृत्रिम हौदात नेल्या. विहिरीत एकही नाही. टाकीतली माती मूर्तिकाराकडे परत.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरा अहवाल. नायट्रेट ७८ वरून ५२. कठीणपणा ४२० वरून ३४०. कोलिफॉर्म अजून आहेत. ५२ म्हणजे अजून मर्यादेच्या वरच, लाल पाट्या तशाच राहतील. काही प्रमाणात हा पावसाच्या पाण्याने पातळ झाल्याचाही परिणाम असणार, त्यामुळे खरा आकडा येत्या फेब्रुवारीतलाच धरायचा. अहवालाची प्रत आजींच्या घरी आधी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला आणि देवघरात ठेवला.

पाणी ७ फुटांवर. गेल्या नोव्हेंबरातल्या १४ फुटांशी हे ताडून पाहण्यात अर्थ नाही, पाऊस आत्ताच होऊन गेला आहे. ह्या १० नोव्हेंबरला त्याच जागी सुतळी सोडायची. आणखी सहा घरांनी गच्ची जोडायला नाव दिलं आहे.

रस्त्यापलीकडच्या ले-आऊटमधून दोन भाऊ आले होते. त्यांच्याकडे एक विहीर आहे, स्लॅब टाकून बंद केलेली, वर आता दुचाकी लावतात. स्लॅब उघडून बघायची का, असं विचारत होते. येत्या रविवारी सकाळी सातला जायचं ठरलं. सुतळी, दगड, टॉर्च, आणि वायू मोजायचं यंत्र. आजीही येते म्हणाल्या. त्या विहिरीजवळ कोणाकोणाच्या जुन्या टाक्या आहेत ते त्यांना माहीत आहे, आणि त्या घरी आधी त्याच जाणार आहेत.